गोदाआत्याची छापील पोथी

मोहने गावची गोदाआत्या एवढी हट्टी की, गावात सांगत, उल्हास नदीसुद्धा तिच्या दाराशी आली की मुकाट वळसा घेते. अशा बाईने अन्न सोडलं, तेही भाच्याच्या गोष्टीपायी.

भाचा महिपत ठाण्याच्या एका मासिकात कादंबरी लिही, अंकाला थोडी थोडी, खाली ‘पुढे चालू’. मोहन्यात राघोमास्तर ती वाचून दाखवत. पाटावर ठेवून वाचतात ती पोथी, एवढंच आत्याला ठाऊक. अंकाला हळदकुंकू वाही. कथेतलं पोर जत्रेत हरवलं, तेव्हा ते आईला भेटेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा नवा अंक यायच्या तोंडावर तिने नेम धरला. नेमकी तेव्हाच मालक अण्णांनी कादंबरी बंद केली.

महिपतने त्यांचे पाय धरले. अण्णा म्हणाले, लोकांना मागचं आठवत नाही. आता कथामाला, माणसं तीच, पण दर अंकात गोष्ट पुरी. पोर शोधायचंच तर सवडीने उत्तरभाग काढू.

“तोवर आत्या उरायची नाही हो.”

“त्यांना कथामाला वाचून दाखव,” अण्णा म्हणाले.

महिपतने छापखान्याच्या पायरीवरच शेवट खरडला, गाडीने कल्याण गाठलं आणि पुढे धावत सुटला. आत्या भिंतीला टेकली होती, ओठ सुकलेले. हाताने लिहिलेले कागद पाहून तिने तोंड फिरवलं.

“पोथीत येऊ दे.”

“अगं, पोथीही मीच लिहितो.”

“तू लहानपणापासूनचा थापाड्या.”

नवा अंक आला तोवर तिला मानही धरवेना. अण्णांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टीत त्याच पोराची आई हसतखेळत लाडू वळत होती. पोराचं नावही नव्हतं. महिपतने त्याच पानावर बोट ठेवलं आणि पोर सापडल्याचं घडाघडा वाचलं. शेजारून राघोमास्तरांनी पानात डोकावलं.

आत्याने डोळे उघडले. “सापडलं. पण त्याला जेवू कुणी घातलं?”

मास्तरांनी महिपतच्या हातून अंक घेतला, चष्मा नीट केला आणि लाडवांवरून नजर न हलवता वाचलं, “आईने आधी मऊ भात कालवला. पोर म्हणालं, तू खा, मग मी.”

आत्या म्हणाली, “पेज आण रे. पोर खोळंबलंय.”