घड्याळवाल्यांचं नाक

घड्याळवाल्यांनी आयुष्यात कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती, आणि आज त्याच नाकावर वाफ सोडली जात होती. सोडणारा त्यांचाच धाकटा. पुतणीच्या लग्नाच्या फोटोत असलं काळ्या ठिपक्यांचं नाक घेऊन उभं राहायचं नाही, अशी बायकोनं तंबी दिली, म्हणून ते पहिल्यांदाच त्याच्या पार्लरात आले होते.

पोरानं हा धंदा धरला तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. लोकांच्या तोंडावरचा मळ काढणार? बाजारात मात्र ते छातीठोकपणे सांगत, "धाकटा दवाखान्यात असतो." पोराला ते माहीत होतं. त्यानं कधी विषयच काढला नाही, आणि हेच त्यांना जास्त टोचायचं.

वाफ थांबली. पोरानं भिंगाचा दिवा जवळ ओढला, बोटांना टिश्यू गुंडाळला आणि टोकाला बारीक कडी असलेली सळई नाकावर टेकवली. घड्याळवाल्यांनी दात आवळले. पण दुखलंच नाही. हात टेकायचा, जरा थांबायचा, मग सरकायचा. एकेक ब्लॅकहेड मुकाट बाहेर येत होता. जन्मभर चिमट्यानं इवलेसे स्क्रू उचलणाऱ्या माणसाला हात कळतो. हा हात सोन्यासारखा होता.

"हनुवटीवरचं ते पांढरंही काढून टाक," ते म्हणाले.

"नाही बाबा. ते अजून वर आलेलं नाही. आत्ता दाबलं तर डाग राहील."

"मी सांगतोय ना!"

"सांगा. मी हात लावणार नाही."

बापाला तोंडावर नाही म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती. घड्याळवाले भडकायच्या तयारीत होते, पण राग काही केल्या येईना. अडेल गिऱ्हाइकाला तेही अगदी असंच ऐकवत. मनातून ते जाम खूश झाले.

तेवढ्यात दार उघडून चष्मेवाले आत आले. बाजारात दोघांची दुकानं शेजारी, पण धाकट्याला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"अहो, तुम्ही? मुलगा दवाखान्यात कामाला असताना इथे कशाला?"

पोरानं मान वर न करता सांगितलं, "काका आमचं नेहमीचं गिऱ्हाईक आहेत."

किती सहज म्हणाला! जणू हे वाक्य त्यानं कधीचं तयार ठेवलं होतं. घड्याळवाल्यांच्या काळजात चर्र झालं. ते लालबुंद नाकानिशी ताडकन उठून बसले.

"काका कुणाला म्हणतोस रे? बाप आहे मी तुझा!" मग ते चष्मेवाल्यांकडे वळले. "दवाखाना-बिवाखाना काही नाही. माझा मुलगा हे काम करतो. आणि असा हात तुम्हाला अख्ख्या शहरात सापडायचा नाही, सांगून ठेवतो!"

पोरानं सळई खाली ठेवली. ती पुन्हा उचलायला त्याला बराच वेळ लागला.

"आडवे व्हा बाबा," तो शेवटी म्हणाला. "डावी बाजू राहिलीय अजून."