भट्टीवाली मागत नाही

ताईला खेळात भट्टीवालीच लागते. दुसरं कुठलं पात्र पुढे केलं की तोंड वाकडं. "तुझी ती भिंत तुलाच लखलाभ," म्हणते, आणि डायलिसिसच्या खुर्चीवर बसल्या बसल्या एका हातानं डाव मांडते. दुसऱ्या हातात सुया असतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मी लिफ्टदुरुस्तीची कामं पुढेमागे ढकलून येतो आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसतो. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं इथले लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या या पत्त्यांच्या खेळात एकमेकांना हरवायचं नसतंच. समोर गारठा नावाचा दुष्ट असतो, तो घर-घर गोठवत शहरावर चालून येतो, त्याला दोघांनी मिळून अडवायचं. जिंकलो तर दोघं, हरलो तर दोघं. माझं पात्र भिंत. हातात जितकी पानं जास्त, तितकी भिंत भक्कम. म्हणजे पानं धरून बसायचं, एवढंच माझं काम. ते मला झकास जमतं.

भट्टीवालीचं सगळं उलटं. तिचा एक फटका बसला की गारठा तीन घरं मागे. पण त्या फटक्यासाठी जाळायला जोडीदाराच्या हातातलं एक पान लागतं, आणि जळलेलं पान परत येत नाही. वर ते तिनं मागायचं नाही. तोंडानं नाही, खुणेनं नाही, उसासा टाकूनसुद्धा नाही. जोडीदारानं आपणहून पुढे सरकवलं तर जाळायचं, नाहीतर गप्प बसून पाळी सोडायची.

"हा कसला डोंबलाचा नियम?" मी पहिल्याच दिवशी वैतागलो होतो.

"पत्त्याच्या मागे गोष्ट लिहिलीये ना तिची. तू मेल्या नुसते नियम वाचतोस," म्हणून ताईनंच ती वाचून दाखवली. भट्टीवाली काचेच्या कारखान्यात कामाला होती. एक दिवस भट्टी फुटली, ही आत अडकली आणि 'या रे कुणीतरी!' म्हणून ओरडली. धाकटा भाऊ धावत आत आला. आग हिच्या अंगात शिरली ती कायमची. भावाचं मरण मात्र एका ओळीत उरकलंय. तेव्हापासून ती कुणाकडे काही मागत नाही.

"फारच रडकं आहे," मी म्हणालो. ताई एका हातानं पत्ते पिसत बसली.

अकरा महिन्यांपूर्वी असाच डाव चालू असताना ताईचा डोळा लागला आणि डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलायला आल्या. ताईच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. भावजींचं रक्त जुळत नव्हतं, भाची अजून शाळेत. "तुमचा रक्तगट चालतो. जबरदस्ती नाही, विचार करा," म्हणत त्यांनी तपासणीचा फॉर्म माझ्या हातात दिला. खेळाचा डबा उघडाच होता. मी फॉर्मची घडी करून डब्याच्या तळाशी, पत्त्यांच्या ट्रेखाली सरकवला. आज भरू, उद्या भरू. तो तिथंच राहिला.

खोटं कशाला बोलू? मी घाबरलो. ऑपरेशनलाच. बायकोला तर सांगितलंच नाही, म्हणजे तिच्यावर ढकलायचीही सोय नाही. मनाशी म्हणायचो, ताईनं एकदा मागू दे, लगेच देतो. आणि तिनं मागू नये म्हणून देवाला हात जोडायचो. ती आपली "आज कुठली लिफ्ट अडकली रे?" एवढंच विचारायची. खेळात मात्र माझा हात सढळ. एक पान, दोन पानं, घे ताई, जाळ.

गेल्या आठवड्यात ती बाथरूममध्ये कोसळली. तिला उचलताना भावजी रडले, आणि मला माझीच शिसारी आली. आज ठरवूनच आलो. डाव अर्ध्यावर असताना हातातली सगळी, सातही पानं तिच्यापुढे सरकवली.

"अरे वेड्या, भिंत पडेल."

"पडू दे. ताई, मी तपासणी करून घेतो. उद्याच. माझी किडनी देतो तुला."



"सकाळी हृदयवाले डॉक्टर येऊन गेले," ती म्हणाली. "हृदय पार थकलंय म्हणे. आता कुणी दिली तरी ऑपरेशन झेपणार नाही. सहा महिन्यांपूर्वी जमलं असतं."

"मग बोलली का नाहीस? एकदा तरी तोंडानं म्हणायचंस गं!" मी ओरडलोच. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा दचकले, सिस्टरनं वळून बघितलं. चूक माझी, आणि आवाजही माझाच चढलेला.

ताई शांतपणे पानं गोळा करत होती. "डब्यातला कागद त्याच दिवशी पाहिला मी. डाव मांडतं कोण, आवरतं कोण? दर वेळी डबा उघडला की आधी ट्रे उचलून बघायची, गेला का म्हणून."



"धर तुझी पानं," ती म्हणाली. "अजून दीड तास काढायचाय."

मी पानं हातात घेतली. सातच्या सात होती.