कापलेल्या कानांचा भुऱ्या

मी भुऱ्या बोलतो. तेल्हाऱ्याकडच्या नत्थुजीचा कुत्रा. आता धावणं होत नाही, म्हणून बसल्या बसल्या सांगतो.

मी पिल्लू होतो तेव्हा नत्थुजीनं विळ्यानं माझे कान कापले. शिकारीच्या कुत्र्याचे आमच्याकडे कापतातच, डुकराच्या तोंडात सापडू नयेत म्हणून. मी राग नाही धरला. त्याच हातानं त्यानं हळद लावली, भाकर चारली.

माणूस वाईट नाही तो. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं उतरत, अन् सकाळी वावर उकरून पडलेलं दिसे. मग माणसं काठ्या घेत अन् आम्हाला सोडत. "छू" म्हटलं की मी धावायचो. कशाला, ते कधी विचारलं नाही.

एकदा एक डुकरीण पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगाला पाठ लावून उभी राहिली. मागे तिची पिल्लं. तिनं माझ्या जोडीदाराचं पोट फाडलं, माझी मांडी चिरली. मागून "धर, धर" चालूच होतं, म्हणून आम्हीही सोडलं नाही. लवकर मेली नाही बिचारी. नत्थुजीचा पुतण्या योगेश मोबाईल धरून हसत होता.

तो व्हिडिओ फिरत फिरत वनरक्षकाकडे गेला. वनरक्षक आमच्या अंगणात आला.

"नत्थुजी, डुकरासाठी परवानगीचा अर्ज करा. कुत्रे घालून मारनं गुन्हा हाय."

"हा तं राखनीचा कुत्रा हाय, साहेब."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "राखनीच्या कुत्र्याचे कान कोन कापते?"

"मंग डुकरायलेई सांगा ना कायदा!" नत्थुजी चिडला. "थे कुठं अर्ज करून येतात?"

गुन्हा नोंदला गेला. तारखांना जाऊन जाऊन नत्थुजी थकला, इकडे मी लंगडा झालो.

आज त्यानं माझंच पिल्लू मांडीवर घेतलं आहे. शेजारी विळा.

"अवो, आता कायले?" त्याची बायको गंगूबाई चुलीपासून म्हणाली. "तारखा पुरल्या नाई का तुमाले?"

"डुकरं कमी झाले का?"

"मंग याले मचानाखाली बांधा. भुकला तरी पयतात डुकरं. याचे कान कायले कापता?"

पिल्लाचे कान पान हललं तरी उभे राहतात. त्याला दुरूनच कळेल कोण आलं ते. धावून कोणाचं नरडं धरायची गरज नाही.

मी कसाबसा उठलो अन् नत्थुजीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. सवयीनं त्याचा हात माझा कान खाजवायला आला. तिथं कान कुठला, नुसता खुंट. बोटं थांबली.

विळा अजून भुईवरच आहे. तो हात असाच राहू द्या, धनी. मी हलत नाही.