शनिवारची निवड

वाशीमचा बाजार रविवारी, म्हणून वांग्यांचा तोडा शनिवारी. दुपारी वांगी निवडायला बसायचं. चकचकीत, ताठ देठाचं वांगं बाजाराच्या टोपलीत; भोक पडलेलं, वाकडं, पिवळसर वांगं सुपात. सुपातल्याची संध्याकाळी घरी भाजी. गुलाबराव माळ्याच्या घरातली ही रीत त्याच्या आईपासूनची, आणि ती कधी कोणी मोडली नव्हती. माळ्याच्या घरी भाजीला काय तोटा, असं लोकांना वाटतं. लोकांचं काय जातं वाटायला! त्या घरातल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की वांग्याचा किडका भाग कापून टाकला की उरतं किती.

तुळसाबाई ही गुलाबरावाची बायको, घरातली थोरली सून. पंचवीस वर्षं तिने हीच निवड केली होती आणि त्यातली सतरा वर्षं टोपली डोक्यावर घेऊन दोन कोस चालत जाऊन वाशीमच्या बाजारात बसली होती. आता तिचे गुडघे गेले होते. मागच्या रविवारी बाजार उठला तेव्हा तिला पोत्यावरून उठताच येईना. शेजारच्या मिरचीवालीने काखेत हात घालून उभी केली. घरी येऊन तिने हे कोणाला सांगितलं नाही. सांगून कोण तिची टोपली उचलणार होतं?

पण आज ती खुशीत होती. तिचा मधला दीर नथ्थू सकाळी वाशीमहून निरोप घेऊन आला होता.

"चंपत अन् जिजा आज जेवाले येऊन राह्यले," तो म्हणाला. "वयनीसंग बोलाचं हाय म्हने. बाजारात बसाच्याबद्दल."

चंपत हा धाकटा दीर. तो पाच वर्षांचा असताना सासू वारली, आणि त्याला तुळसाबाईनेच वाढवला. तिच्या पोटी काही राहिलं नाही, तेव्हा जी काय माया होती ती सगळी त्याच्यावरच. भाजीतला चांगला तुकडा त्याच्या भाकरीवर, किडक्याजवळचा आपल्या. वाशीमच्या शाळेत त्याला घातला तोही तिनेच हट्ट धरून, आणि शाळेचा खर्च काढला तो तिच्या टोपलीने. शेवटची परीक्षा पास होऊन आला तेव्हा पोरगा विहिरीच्या काठावर उभा राहून म्हणाला होता, "वयनी, मले नोकरी लागू दे. मंग तुले बाजारात बसू देत नाही!"

हे वाक्य तुळसाबाईने साऱ्या गावाला ऐकवलं होतं. विहिरीवर ऐकवलं, लग्नाच्या मांडवात ऐकवलं, मिरचीवालीला तर दर रविवारी. चंपतला तहसील कचेरीत कारकुनी लागून तीन वर्षं झाली, जिजाबाई ही शहरातली बायको आली, अंगात कोट आला. वाक्य मात्र विहिरीच्या काठावरच राहिलं होतं. आज ते चालत घरी येणार होतं. तुळसाबाईचा जीव त्यात अडकला होता हे ती लपवतही नव्हती.

"मंग काय करा लागते जेवाले?" मधली जाऊ प्रयागबाईने विचारलं. ती नथ्थूची बायको. हाताने चपळ, तोंडाने त्याहून. "शनवार हाय. शनवारची भाजी अन् भाकर."

"मांगच्या टायमाले काय झालं ते इसरली का तू?"

विसरण्यासारखं ते नव्हतंच. दोन महिन्यांपूर्वी जिजाबाईच्या ताटात भाजीतून शिजलेली अळी निघाली होती. घरच्या कोणाच्या ताटात निघाली असती तर बोटाने बाजूला सारून पुढचा घास घेतला असता. जिजाबाई ताटावरून उठली, अंगणात जाऊन ओकली, आणि तिच्या माहेरच्या साऱ्या गोतावळ्यात ती अळी सापाएवढी होऊन फिरली. तेव्हापासून चंपत जेवायला आला नव्हता.

"तं पुरनाची पोळी कर," प्रयागबाई म्हणाली.

"सनवार हाय का आज? अन् चंपतले पुरन कधी आवडलं? त्याले रोडगे आवडते. रोडगे, वरन अन् भरली वांगी."

"भरली वांगी? सुपातल्या वांग्याची?" प्रयागबाई हसली. "त्याले चार चिरे देऊन मसाला भरला तं भोकातून बाहेर येईन, बाई."

तुळसाबाई उठली, गुडघ्यावर हात दाबून बाजाराच्या टोपलीपाशी गेली, ओलं फडकं बाजूला केलं आणि एकेक करून वांगी काढायला लागली. लहान, गोल, तुकतुकीत. प्रत्येकाचा देठ उचलून खाली पाहिलं, दाबून पाहिलं, आणि वीस वांगी पदरात घेतली.

प्रयागबाईच्या हातातला विळा तसाच राहिला. "बाई! टोपलीतले? भासऱ्यानं पाह्यलं तं?" भासरा म्हणजे तिचा थोरला दीर, गुलाबराव.

"पाहू दे. त्याचा भाऊ येऊन राह्यला, माहा नाही."

"वीस कायले? मानसं तं इतकी नाहीत."

"जिजाले हवे तितके. चंपतले हवे तितके. आपल्याले बी एकेक."

प्रयागबाईने विळा खाली ठेवला. मग म्हणाली, "अकरा वर्सं झाली मले या घरात येऊन. देठासकट पुरं वांगं मी या घरी अजून खाल्लं नाही." बोलली ती थट्टेतच, पण दोघींनाही हसू आलं नाही.

मग मात्र दोघी कामाला लागल्या. भातही करायचा ठरला, कारण जिजाबाईला रोडगा जड होतो. गोड म्हणून गुळाचा शिरा. तिखट बेताचं. शेंगदाणे, तीळ, खोबरं भाजून वाटलं. गोवऱ्यांच्या राशीचा हार पेटवून त्यात कणकेचे रोडगे भाजायला लावले. धुराने डोळे चुरचुरत होते तरी तुळसाबाई मधूनच हसत होती. उद्या कोण जाईल बाजाराला, हेही तिने ठरवून टाकलं होतं: नथ्थू. आपण मळ्यात बसून निंदण करायचं, आणि गुडघे दुखले की उन्हात पाय पसरायचे. कोणी विचारलं तर सांगायचं, दिरानं बसू नाही देलं.

शनिवारची कचेरी लवकर सुटते. दिवस कलायच्या आत टांगा आला. चंपत उतरला, काळी टोपी, कोट, पायात बूट. जिजाबाईने पदर सावरून जागा पाहून पाय टाकला. चंपत वाकून पाया पडला आणि म्हणाला, "कशा हाय तुमी, वयनी?"

तुळसाबाईला एकदम कळेना कोणाला विचारतो आहे. लहानपणापासून तो तिला तूच म्हणत आला होता. शिकलेली माणसं मान देतात, असं तिने मनाशी म्हटलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

पंगत बसली. गुलाबराव, नथ्थू, चंपत. जिजाबाईला पाहुणी म्हणून बाजूला पाट दिला. तुळसाबाईने स्वतः वाढलं. चंपतच्या ताटात चार वांगी ठेवली, वरून तेलाचा तवंग. आणि दारात उभी राहून पाहू लागली.

चंपतने पहिलं वांगं उचललं नाही. बोटाने त्याचे चार भाग उकलले, आतला मसाला बाजूला केला, बिया पसरल्या, वाकून पाहिलं. मग दुसरं. मग तिसरं. जिजाबाई त्याच्या ताटाकडे पाहत होती आणि तिचं वांगं तसंच होतं.

"किडकं नाही त्यात एक बी," तुळसाबाई म्हणाली. "टोपलीतले हाय."

गुलाबरावाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. टोपलीतले! पण पाहुणे समोर होते; हिशेब त्याने नंतरसाठी ठेवला असावा.

"तसं नाही, वयनी," चंपत म्हणाला. "सवय झाली पाह्याची." आणि त्याने चौथंही उकललं. खाल्लं त्यातलं थोडंसं. रोडगा वरणाशी खाल्ला, शिरा चांगला झाला म्हणाला. जिजाबाईने भात आणि शिरा खाल्ला. वांग्याला तिने हात लावला नाही.

हात धुऊन झाल्यावर चंपतने सुपारी तोंडात टाकली आणि घसा साफ केला.

"वयनी, मी तुमाले कबूल केलं होतं. बाजारात बसू देनार नाही म्हनून."

"हाव," तुळसाबाई म्हणाली. तिने प्रयागबाईकडे एकदा पाहून घेतलं.

"तं आता नका बसू. म्हनजे, वाशीमच्या बाजारात नका बसू." तो गुलाबरावाकडे पाहत बोलत होता. "नवे अव्वलकारकून साहेब आले, ते रविवारी भाजी घ्याले मले संग नेतात. मांगच्या बाजारी तुमी 'चंपत, चंपत' करून हाक मारली. चार मानसं होती. साहेबानं इचारलं, कोन आहे ती."

हाक तिने मारली होती. गर्दीत त्याला ऐकू आली नसेल, अशी तिने आठ दिवस स्वतःची समजूत घातली होती.

"मंग काय सांगतलं?" तिने विचारलं.

चंपत सुपारी चघळत राहिला. उत्तर जिजाबाईने दिलं. "आमच्या गावाकडची बाई आहे, असं सांगितलं यांनी. मग काय सांगणार?"

नथ्थू अंगणात थुंकायला म्हणून उठून गेला.

"शिरपूरचा बाजार बी चांगला हाय," चंपत घाईने म्हणाला. "मंदिर हाय, यात्रेकरू येतात. तिथं बसत जा. बसाले मी नाही म्हनत नाही."

तुळसाबाईला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि तोही आला भलत्याच गोष्टीचा. "शिरपूरले जैनाची यात्रा असते," ती म्हणाली. "ते लोक वांग्याले हात नाही लावत. माळ्याचा पोरगा असून इतकं बी इसरला का रे? अन् चार कोस हाय शिरपूर. माहे गुडघे पाह्यले का कधी?"

"चंपत म्हनते ते बरोबर हाय," गुलाबराव मध्येच बोलला. "नोकरीचा मामला हाय. उद्याचा माल निवडून झाला, तं उद्या जा वाशीमले. पुढच्या बाजारापासून शिरपूर."

असा तो निकाल लागला. जिच्या गुडघ्यांवर लागला तिला कोणी विचारलं नाही. टांगेवाला खोळंबला होता. चंपत पुन्हा वाकून पाया पडला, आणि तुळसाबाईने तोंडातून आशीर्वाद काढला. तो शब्द तोंडपाठ असतो, मनातून आणावा लागत नाही, एवढं बरं.

मागून बायका जेवायला बसल्या. चंपतच्या ताटात उकललेली वांगी पडली होती. आतून पांढरी, स्वच्छ, कुठे डाग नाही. ती तुळसाबाईने आपल्या ताटात ओढून घेतली. माणूस शिकला की त्याला घरची माणसं दिसेनाशी होतात आणि घरच्या वांग्यातली अळी तेवढी दिसते, तीही नसलेली. प्रयागबाईने आपलं अख्खं वांगं देठ धरून उचललं आणि सावकाश खाल्लं.

"कसं लागलं?" तुळसाबाईने विचारलं.

"वांग्यासारखंच," प्रयागबाई म्हणाली, आणि डोळे पुसले. धूर तर केव्हाच विरला होता.

रविवारी तुळसाबाई टोपली घेऊन वाशीमला गेली. वाटेत तीनदा टेकली. बाजारात तिची जागा ठरलेली, कडुनिंबाखाली, मिरचीवालीच्या शेजारी. "मंग काय म्हने दीर?" मिरचीवालीने विचारलं. तुळसाबाई वांगी रचत राहिली.

ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला तिला तो कोट दिसला. पुढे साहेब, मागे हातात थैली घेतलेला चंपत. तिने मान खाली घातली आणि हाक मारली नाही. पण वांग्यांनी मारली असावी. साहेब थेट तिच्या टोपलीपाशी थांबले.

"माल चांगला दिसतो. चंपतराव, तुम्ही माळी ना? तुम्हीच निवडा."

चंपत उकिडवा बसला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. वांगं उचललं, देठ वर करून खाली पाहिलं, अंगठ्याने दाबलं. अगदी तिने शिकवलं होतं तसं. तो सहा वर्षांचा होता, तिच्या मांडीला टेकून बसायचा आणि भोक सापडलं की ओरडायचा. एक ठेवलं, दुसरं उचललं, फिरवून फिरवून पाहिलं.

"तुमच्या गावाकडची ती हीच बाई ना?" साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब," चंपत वांग्याकडे पाहत म्हणाला.

तुळसाबाईने तराजू उचलला.

"घ्या, मालक, पाहू नका इतकं," ती म्हणाली. "बाजारात आमी किडकं आनत नाही. किडकं आमी घरी खातो."