वास आला नव्हता

"सुरीबाई, हा काप कुणाचा? वहीत नाही," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जुना आहे. बघा तरी."

मेणात बसवलेल्या मांसाच्या कणांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढण्यात तिची उभी हयात गेली होती, म्हणून रुग्णालयात तिला हे नाव पडलं होतं. गेल्या आठवड्यात बाईंनी बोलता बोलता एका आजाराचं वर्णन केलं, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आज तिनं तळघरातून अकरा वर्षांपूर्वीचा मेणाचा ठोकळा शोधला, काप काढला, रंगवला आणि मुकाट्यानं पुढे ठेवला.

"हे गुलाबी टिपके दिसतायत? यकृताच्या पेशी एक प्रथिन बनवतात आणि रक्तावाटे फुफ्फुसांकडे धाडतात. याच्यात त्याची घडीच चुकलेली. पेशी ते बाहेर सोडत नाही. आतच साचत जातं आणि यकृत निकामी होतं. जन्मजात दोष हा."

"दारूनं नाही?"

"छे. एक थेंबही न पिता माणूस जातो याच्यात."

सुरीबाई स्टुलावर बसली.

तो तुकडा तिच्या दादाच्या यकृताचा होता; दारूचंच समजून तेव्हा कुणी तो असा रंगवून पाहिलाच नव्हता. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा अख्ख्या घरानं एकच निदान केलं. "आईशपथ, शिवलोसुद्धा नाही," असं तो रडून सांगायचा. वडिलांनी बोलणं टाकलं. आणि हिनं, शिकल्यासवरल्या बहिणीनं, दारातच अडवून त्याचं तोंड हुंगलं होतं. वास आला नाही, तर म्हणाली, "दादा, लवंग चघळून आलास ना?" तो नुसता हसला. पुन्हा कधी तिच्या दारी आला नाही. मयताच्या दिवशी वहिनीलाही तिनं सोडलं नव्हतं. "तुम्ही आवरायला हवं होतं त्याला," म्हणाली होती.

"मुलांत उतरतं का हे?" तिनं विचारलं.

"उतरू शकतं. रक्त तपासून घ्यायला हवं."

दादाला एक मुलगी होती. आता एकोणीस वर्षांची असेल.

वहिनीचा नंबर घरात कुणाकडेच नव्हता. चार ठिकाणी विचारून तो मिळाला, शिवणकामाच्या कारखान्यातला.

"वहिनी, मी बोलतेय."

पलीकडे जेवणाच्या डब्यांचे आवाज. "बोला."

तिनं सगळं सांगितलं. "दादा पीत नव्हता हो, वहिनी."

"मला माहीत होतं. मी शेजारी झोपायचे त्यांच्या." मग म्हणाली, "पोरीची कसली तपासणी म्हणालात? थांबा, लिहून घेते."

सुरीबाईनं एकेक अक्षर सांगितलं. वहिनीनं परत वाचून दाखवलं. बरोबर होतं.

"एकदा भेटायला येऊ का मी? पोरीला बघून..."

"जेवणाची सुट्टी संपली, मॅडम."

पूर्वी ती वन्सं म्हणायची.

सुरीबाईनं चपला चढवल्या. वडिलांना सांगायचं राहिलं होतं. त्यांना हल्ली ऐकू येत नसे. ओरडून सांगावं लागणार होतं, शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.