रेगचं हेल्मेट

ग्वेंडा पॅस्को एकोणपन्नासाव्या वर्षी मोटरसायकल शिकली ती काही हौसेनं नव्हे. बिंडारा गावचा कत्तलखाना बंद पडला, अठरा वर्षं मांसाची खोकी भरणारे तिचे हात रिकामे झाले, आणि गावात कायमची म्हणावी अशी एकच नोकरी उरली: टपाल वाटायची. लाल मोटरसायकलवर बसून, फुटपाथवरून, घरोघरच्या डब्यांत पत्रं टाकत जायची. ती मिळाली तर गावातलं घर राहणार. नाही मिळाली तर सिडनीला बहिणीच्या गॅरेजमध्ये खाट टाकायची. बहिणीनं तसं प्रेमानं सांगितलं होतं आणि त्या प्रेमाचाच ग्वेंडाला जास्त राग आला होता.

शिकाऊ परवान्याचा दोन दिवसांचा वर्ग तिनं पार पाडला, गाडीमागे पिवळी ‘एल’ची पाटी लागली. पण मोकळ्या मैदानात शंकूंमधून गाडी काढणं वेगळं, आणि पुढच्या पेटीत टपालाचं ओझं घेऊन, उजव्या हातात ॲक्सिलरेटर धरून डाव्या हातानं डब्याच्या फटीत पत्र सारणं वेगळं. ते शिकवायचं काम टपालाच्या डेपोत रेग डन्स्टनकडे होतं. तीस वर्षं टपाल वाटलेला, गुडघा गेल्यावर शिकवायला बसलेला, चहाच्या टेबलाचा राजा. शिकवणं म्हणजे त्याच्या लेखी मागून ओरडणं.

“नियम सोपा आहे, राणीसाहेब,” पहिल्याच दिवशी तो म्हणाला. “तीन आठवडे. तीनदा पडलीस की घरी. शेवटच्या शुक्रवारी मी तुझ्या मागून येणार, कागद भरणार, आणि मी लिहीन ते खरं.”

“आणि तुम्ही पडलात तर?”

टेबलावरचे सगळे हसले. रेग हसला नाही. “मी पडत नाही.”

मग त्यानं कपाटातून एक हेल्मेट काढून तिच्यापुढे आदळलं. पांढरं, वरून दोन जाड लाल पट्टे. “तुझं नवं यायला महिना लागेल. तोवर हे चालवून घे.”

पुन्हा सगळे हसले. या वेळी रेगही. ग्वेंडाला वाटलं, आपल्या डोक्याच्या मापाला हसतायत. हसू देत. कत्तलखान्यात याहून वाईट हसणारे होते आणि त्यांच्या हातात सुरे असायचे.

तिला फेरी मिळाली अकरा नंबरची. पहिल्या आठवड्यात ती पडली नाही, गाडी पडली. या गाडीला दोन्ही बाजूंना स्टँड असतो, कारण उतारावर ती कुठल्या अंगाला कलती ठेवायची ते दर दाराशी ठरवावं लागतं. ग्वेंडानं उलट्या बाजूचा लावला आणि पार्सल द्यायला वळली. गाडी धाडकन आडवी, पत्रं गटारात.

“एक,” रेग म्हणाला.

“मी गाडीवर नव्हतेच!”

“गाडी पडली म्हणजे तू पडलीस.”

दुसऱ्या आठवड्यात सप्टेंबर लागला. सप्टेंबरात मॅगपाय या काळ्यापांढऱ्या पक्ष्याची मादी अंड्यांवर बसते आणि नर माणसांच्या डोक्यांवर येतो, हे बिंडाऱ्यात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. ग्वेंडा तर तिथंच वाढलेली. पण तिच्या फेरीतल्या वॉटल स्ट्रीटचा नर वेगळाच होता. बाकीचे एकदोनदा झेप घेतात, चोच वाजवतात, झाडावर परततात. हा गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत मागे लागायचा. बाजूनं चालणाऱ्या माणसांना, सायकलवरच्या पोरांना, कुत्र्यांना, कुणाला काही नाही. सगळा दावा हिच्याशी. गावच्या रिवाजाप्रमाणे तिनं हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधल्या, डोक्याचं साळिंदर झालं. पक्ष्यानं त्यातून वाट काढून तिचा कान फोडला. तिनं मान झटकली, हात आपोआप पुढच्या ब्रेकवर आवळला गेला, खाली दवानं भिजलेलं गवत. चाक निसटलं.

“दोन!” मागून आवाज आला. गाडीखालून तिला काढण्याआधी रेगनं दोन बोटं दाखवली. “ओल्या गवतावर पुढचा ब्रेक? कत्तलखान्यातल्या गाई तुझ्यापेक्षा सरळ चालत असतील.”

“चालायच्या. पुढे काय आहे ते त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं.”

रेगनं तिच्याकडे जरा दचकून पाहिलं. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी. त्या दिवशी ती एकटीच फेरीवर होती. वॉटल स्ट्रीटच्या तेरा नंबरला, बेरिल फेनिक नावाच्या म्हातारीच्या फाटकाशी, ती थांबली आणि कानाच्या जखमेवरची पट्टी सुटली म्हणून हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. पक्षी तारेवरून सुटला तो सरळ हेल्मेटवर. टक टक टक. ग्वेंडा दोन हात अंतरावर, उघड्या डोक्यानं, केस विस्कटलेली उभी. तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

“तुझ्यावर नाहीये गं राग त्याचा,” म्हातारी पायरीवरून म्हणाली. तिच्या हातात चहाचा मग होता. “त्या टोपड्यावर आहे. रेगचं ना ते?”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला नाही तर कुणाला? दोन वर्षांपूर्वी इथंच, या गवतावर, याचं पिल्लू पडलं होतं. उडायला शिकत होतं बिचारं. बाप ओरडत खाली आला. रेगनं कॅटलॉगची गुंडाळी केली आणि हाणली. बापाला नाही, पिल्लाला. दोनदा.” म्हातारीनं घोट घेतला. “त्यानंतर या गल्लीत हा पक्षी त्याला जगू देईना. मग एकदम गुडघा दुखायला लागला त्याचा.”

“आणि हे हेल्मेट?”

“तू तिसरी आहेस हे घालून येणारी. आधीचे दोघं पडून पडून नोकरी सोडून गेले. मला वाटलं, तुम्हाला सांगूनच देत असतील.”

कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, प्रत्येकजण रोज तिच्या कानाकडे बघून चहा ढोसत होता, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता. नव्या माणसाला रेगचं हेल्मेट द्यायचं आणि पैज लावायची, किती दिवस टिकतो. ही त्यांची रीत. रीत म्हटलं की हलकटपणालाही पेन्शन मिळते.

ग्वेंडा ओरडली नाही. संध्याकाळी शेतीसामानाच्या दुकानात जाऊन तिनं निळं हेल्मेट घेतलं. शुक्रवारी सकाळी डेपोत सगळे जमल्यावर तिनं लाल पट्ट्यांचं हेल्मेट रेगच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. प्लास्टिकच्या पट्ट्यांचं कुंपण तिनं कात्रीनं छाटून टाकलं होतं.

“तुझं तुला. आज हे घालून ये.” ‘तुम्ही’ ती घरीच ठेवून आली होती.

“माझं आहे माझ्याकडे,” रेग म्हणाला.

“याला काय झालं? चांगलं आहे म्हणूनच मला दिलंस ना?”

ॲनेट, डेपोची मॅनेजर, खोलीच्या दारात हजेरीचा कागद घेऊन उभी होती. तिला या प्रकरणाचा पत्ता नव्हता, कारण तिनं कधी लावूनच घेतला नव्हता. “काय चाललंय?”

“काही नाही,” ग्वेंडा म्हणाली. “रेगला त्याचं स्वतःचं हेल्मेट घालायची भीती वाटतेय. का वाटते, विचारा ना.”

“भीती?” कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. काल हिच्यावर हसणारंच तोंड ते. त्याला कुणीही पडलेलं चालत होतं.

“रेग, घाल ना बाबा,” ॲनेट म्हणाली. “हेल्मेटनं गुडघा दुखतो का? आठ वाजले.”

खरं सांगावं तर नोकरीवर बेतणार आणि घालावं तर पक्षी डोक्यावर येणार. रेगनं घातलं.

वॉटल स्ट्रीटपर्यंत ग्वेंडानं एकही चूक केली नाही. मान वळवून मागे बघायची तिथं बघितलं, उतारावर योग्य अंगाचा स्टँड लावला, गवतावर फक्त मागचा ब्रेक. गल्लीच्या तोंडाशी रेगची गाडी मागे रेंगाळली.

“तू पुढे हो,” तो ओरडला. “मी इथून बघतो.”

“कागदावर लिहिलंय, पूर्ण फेरी मागून. चल.”

ती निघाली. निळ्या हेल्मेटवरून सावली सरकली आणि थांबली नाही. मग मागून पंखांचा तो ओळखीचा फडफडाट, चोचीची टक, आणि शिव्या. रेगनं एक हात सोडून हवेत फिरवला, दुसऱ्यानं पुढचा ब्रेक दाबला. ओलं गवत. तीस वर्षांचा अनुभव तेरा नंबरच्या फाटकासमोर आडवा झाला.

ग्वेंडानं गाडी थांबवली. आधी तेरा नंबरच्या डब्यात पत्र टाकलं. मग स्टँड लावला. मग चालत गेली. रेगचा पाय गाडीखाली होता आणि पक्षी त्याच्या डोक्यावर बसून हिशेब चुकता करत होता.

“उचल! आधी ही गाडी उचल!”

तिनं गाडी उचलली. पाय मोडला नव्हता, कातडं सोललं होतं. तिनं वाकून त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट लांब गवतात फेकलं. पक्षी हेल्मेटमागे गेला.

“तू मुद्दाम केलंस,” रेग धापा टाकत म्हणाला. “आता लिहितो बघ. तिसऱ्यांदा पडली. घरी जा.”

“मी बघतेय बरं का सगळं!” पायरीवरून म्हातारी बेरिल ओरडली. “तेव्हाही बघत होते, रेग!”

रेगनं तोंड पुसलं. आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ आवाज ग्वेंडाला त्याच्या शिव्यांहून घाण वाटला. “हे बघ, ग्वेंडा. तुला पास करतो. उत्तम शेरा देतो. फक्त मी पडलो ते तुझ्यामाझ्यात राहू दे. काय?”

“नाही.”

“वेडी आहेस का? नोकरी पाहिजे ना तुला?”

“मी आज पडले नाही. पास तू मला करत नाहीस, मी झालेय. ते लिही. आणि खाली अपघाताचा रकाना आहे, त्यात तुझं नाव लिही. हेल्मेट कुणाचं, तेही लिही.”

“नाही लिहिलं तर?”

“तर मी आणि बेरिल तासाभरात ॲनेटसमोर बसू. आधीच्या दोघांना पण फोन लावू.”

त्यानं गाडीच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. ती प्रत्येक ओळ वाचत उभी राहिली. त्याला पाणी दिलं नाही. बेरिलनं दिलं, तेही नळाचं.

सोमवारी ग्वेंडा कायम झाली. टेबलावर तिला कुणी खुर्ची सरकवली नाही. तिचा मग कचऱ्याच्या डब्यात सापडला. रेगला शिकवण्यावरून काढून पत्रांच्या वर्गवारीला बसवलं होतं आणि बाकीच्यांच्या मते ती म्हणजे चांगल्या माणसाचं वाटोळं करणारी बाई होती. तिनं मग उचलला, धुतला, त्यात चहा केला आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहून प्यायली. मग पुन्हा कपाटात जाऊन बसलेलं लाल पट्ट्यांचं हेल्मेट काढलं, खोकी कापायच्या सुरीनं त्याचा हनुवटीचा पट्टा दोन्हीकडून कापला आणि ते टेबलावर उलटं ठेवलं.

“पुढच्याला द्यायचं झालं तर आधी शिवून घ्या,” ती म्हणाली.

ती बाहेर आली, पेटीत अकरा नंबरचं टपाल भरलं आणि गाडीला किक मारली. वॉटल स्ट्रीटवर पक्षी तारेवर बसला होता. तिनं वर पाहिलं नाही, त्यानंही तिची दखल घेतली नाही. तेरा नंबरचा डबा, पंधरा, सतरा. उतारावर तिनं डावा स्टँड लावला आणि पार्सल घेऊन दार वाजवलं.