वहिनीचा नकार

आमच्या वस्तीचा नकाशा वहिनीनं जेवणाच्या टेबलाशी बसून काढला. आठ घरं, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, एक विहीर आणि वीज फक्त उन्हावरची. दादा इलेक्ट्रिशियन, म्हणून पॅनेल आणि बॅटऱ्या त्याच्याकडे. मी त्याची धाकटी बहीण. जन्म खानावळीत गेलेला, तेव्हा स्वयंपाकघर आपसूक माझ्या गळ्यात पडलं. नियम मात्र सगळे वहिनीचे. पहिलाच असा, की एकानंही नाही म्हटलं तर ती गोष्ट करायची नाही. या नियमापायी कपडे धुवायच्या मशीनवर इतक्या बैठका झाल्या, की तेवढ्यात हातानं धुतलेले कपडे वाळून घडीही झाली असती.

घरांच्या भिंती उभ्या राहत होत्या आणि वहिनीची फुफ्फुसं कामातून गेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं आणि ते रात्रंदिवस लावून ठेवायला सांगितलं. दादानं हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला. ढगाळ दिवसांत बॅटऱ्यांवर ते मशीन तग धरणार नव्हतं. पंप, पंखे, सगळ्यांचा मिळून एक फ्रिज, सगळं आम्ही धरलं होतं. माणूस आजारी पडेल हे एवढ्या शहाण्या डोक्यांपैकी एकातही आलं नव्हतं.

बैठकीत दादा म्हणाला, हमरस्त्यावरच्या खांबावरून तार ओढून घेऊ. आठ घरांतल्याच सुतारकाकांनी लगेच हात वर केला, मागोमाग सगळ्यांनी. वहिनी नाकात नळी लावून बसली होती. तिचा हात मांडीवरून हलला नाही.

“अगं, तुझ्यासाठीच आणतोय,” दादा म्हणाला.

“म्हणूनच नको.” तिला मध्ये दम घ्यावा लागला. “मी आज आहे, उद्या नाही. तार राहील. मग प्रत्येकाचा फ्रिज वेगळा, चूल वेगळी. माझ्यासाठी नको रे.”

मी तिला हट्टी म्हणाले, आणखीही बरंच बोलले. ती बधली नाही. बाकीचे वस्तीवर राहायला गेले. ही दोघं शहरातल्या भाड्याच्या खोल्यांतच राहिली, आणि तिचं करायला मीही. तिचं घर तिकडे कुलूपबंद. दादा रोज तिथं कामाला जायचा आणि संध्याकाळी कुणाच्या दाराला कोणता रंग दिला इथपर्यंत सगळं तिला सांगायचा. ती डोळे मिटून ऐकायची.

एकदा दादा डबा विसरला म्हणून मी तो घेऊन वस्तीवर गेले. विहिरीमागे नवा खांब उभा होता आणि त्यावरून घराघरांत तारा गेल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुतारकाकांना गाठलं तर ते रंधा पुसत राहिले. उन्हावर पंप फार रडतो म्हणाले, सगळ्यांना विचारूनच केलं.

“सगळ्यांना?”

“म्हणजे, इथं राहणाऱ्यांना.”

दादाला ठाऊक होतं. परतताना बसमध्ये मी त्याला फैलावर घेतलं. तार आलीच आहे तर वहिनीला उद्याच्या उद्या तिथं ने, निदान स्वतःच्या घरात तरी राहील. तो म्हणाला, न्यायचं तर आधी सांगावं लागेल. मग सांग, म्हटलं. आज सांगतो म्हणाला.

घरी आलो. तो तिच्या पलंगावर टेकला, तिचा हात हातात घेतला. त्यानं तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, “ढग आहेत ना हल्ली? पंप चालतो का रे?”

दादानं तिच्या नाकातली नळी सारखी केली.

“चालतो,” तो म्हणाला. “उन्हावरच.”

वहिनी हसली. इतक्या दिवसांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ. आणि तू मला हट्टी म्हणत होतीस.”

मला खरं सांगायचं होतं. मशीनच्या बाटलीतलं पाणी संपत आलं होतं, ते मी भरलं.